पत्त्यांवरचे देवदूत, पत्त्यांवरचे दैत्य

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकात पत्त्यांच्या खेळाची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो अस्थानी नाही. कथा, कविता, नाटक, कादंबरी हे आपल्या परिचयाचे वाङ्मयप्रकार. परंतु आपल्या घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना देवदूत, दैत्य, जादूगार आणि मायावी पशू यांची ओळख आज गोष्टींच्या पुस्तकांइतकीच खेळण्यांतून आणि सचित्र पत्त्यांतून होत असते. ज्या निर्मितीत पात्रे आहेत, पात्रांना स्वभाव आहे, त्यांच्यात संघर्ष आहे आणि त्या संघर्षाला शेवट आहे, ती निर्मिती कागदाच्या लहानशा तुकड्यांवर छापलेली असली तरी समीक्षेच्या कक्षेत येते, असे आम्ही मानतो.

या खेळांविषयी आपल्या कुटुंबांत साधारणतः दोन मते ऐकू येतात. पहिले मत भयाचे. पत्त्यावर शिंगे असलेला दैत्य दिसला की आईवडील घाबरून तो कॅट मुलाच्या हातून काढून घेतात आणि धर्मगुरूंना दाखवायला आणतात. दुसरे मत बेफिकिरीचे. खेळच तो, त्यात एवढे काय पाहायचे, असे म्हणून पाकिटामागून पाकीट विकत घेतले जाते. ही दोन मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांत एक उणीव समान आहे. दोन्ही पक्ष चित्र पाहतात. नियमपत्रक कोणीच वाचत नाही.

कादंबरीतील एखाद्या पात्राला लेखकाने सज्जन म्हटले म्हणून आपण त्याला सज्जन मानत नाही. प्रसंग आल्यावर ते कसे वागते हे पाहून आपण मत बनवतो. खेळातील पात्राचे वागणे नियमाने ठरते. म्हणून खेळाची नीती त्याच्या चित्रांपेक्षा नियमांत शोधली पाहिजे, आणि तो खेळ ज्या नियमाने विकला जातो तोही नियम त्यांत धरला पाहिजे. हे प्रतिपादन आम्ही दोन कृतींच्या आधारे मांडणार आहोत. पहिली, १९९३ साली अमेरिकेत निघालेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ, दुसरी, १९९६ साली जपानात जन्मलेले 'पॉकेमॉन'.

ख्रिस्तसभा आणि खेळ

समीक्षेला कसोटी लागते. आम्हांला ती परंपरेतूनच मिळते. ख्रिस्तसभा पत्त्यांच्या विरुद्धच असणार, असा एक समज आहे. त्याला आधार नाही असे नाही. १४२३ साली बोलोन्या नगरीत सिएनाचे संत बर्नार्दिन यांनी पत्त्यांच्या जुगाराविरुद्ध असे प्रवचन दिले की लोकांनी आपापले पत्ते आणून जाळले. परंपरा पुढे असे सांगते की, पत्ते रंगवून पोट भरणारा एक चितारी त्यांच्याकडे रडत आला. संतांनी त्याला येशूच्या पवित्र नामाची अक्षरे एका सूर्यबिंबात काढून दाखवली आणि यापुढे हे रंगव, म्हणून सांगितले. या कथेत चिताऱ्याची कला कोणी पापी ठरवलेली नाही. तिला दुसरे काम दिले आहे.

याच ख्रिस्तसभेत खेळ रचणारे धर्माधिकारीही होऊन गेले. दहाव्या शतकात काम्ब्रे येथील बिशप विबोल्ड यांनी आपल्या धर्मगुरूंना फाशांच्या जुगारापासून परावृत्त करण्यासाठी फाशांचाच एक खेळ रचला. तीन फासे एकदम टाकले असता क्रम न मोजता छप्पन्न प्रकारची दाने पडू शकतात. बिशपमहोदयांनी या छप्पन्न दानांना छप्पन्न सद्गुण नेमून दिले. पुढे १५०९ साली थॉमस मुर्नर या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा, तर्कशास्त्र पत्त्यांच्या साहाय्याने शिकवणारा ग्रंथ स्ट्रासबुर्ग येथे छापला गेला. म्हणजे ज्याला आज 'गेम डिझाइन' म्हणतात ती विद्या आपल्या पूर्वसूरींना परकी नव्हती.

तात्त्विक पाया मात्र संत थॉमस अक्विनास यांनी घातला. आपल्या 'सुम्मा' ग्रंथात ते खेळाला विश्रांतीचे स्थान देतात आणि योग्य प्रकारे खेळणे हा सद्गुण मानतात. त्या ठिकाणी ते संत योहानांची एक जुनी आख्यायिका सांगतात. शिष्यांबरोबर खेळताना पाहून लोकांनी त्यांना नावे ठेवली. तेव्हा योहानांनी एका धनुर्धराला विचारले की तू सतत बाण सोडत राहिलास तर काय होईल? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, असे संतांनी समजावले. खेळाविषयी अक्विनास तीन पथ्ये घालून देतात. खेळातील आनंद अशोभनीय किंवा अपायकारक कृतीवर आधारलेला नसावा. खेळताना मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये. आणि खेळ व्यक्तीला, काळाला व स्थळाला साजेसा असावा. एवढेच सांगून ते थांबत नाहीत. स्वतः कधी न हसणारा आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्यही दोषी आहे, असेही ते म्हणतात. दैत्याचे चित्र पाहताच कॅट हिसकावून घेणाऱ्या पालकांनी हा शेवटचा मुद्दाही ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

नियमांतून उभे राहणारे पात्र

आता 'मॅजिक'कडे वळू. रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. त्यांनी एका मोठ्या पटावरील खेळाचा आराखडा 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या प्रकाशनसंस्थेला दाखवला. तो छापणे संस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. संस्थेचे प्रमुख पीटर ॲडकिसन यांनी त्यांना स्वस्तात छापता येईल, कोठेही नेता येईल आणि थोड्या वेळात संपेल असा खेळ मागितला. त्यातून ऑगस्ट १९९३ मध्ये 'मॅजिक' बाजारात आला. पहिल्या छपाईत २९५ वेगवेगळे पत्ते होते.

आपल्या घरोघरच्या बावन्न पत्त्यांशी याची तुलना केली म्हणजे त्यातील नवलाई कळते. मेंढीकोट असो, पाच-तीन-दोन असो की बदाम सात असो, कॅट सर्वांचा एकच असतो. बदामाच्या राणीला चेहरा आहे, पण चरित्र नाही. ती राजापेक्षा लहान आणि गुलामापेक्षा मोठी, एवढीच तिची ओळख. 'मॅजिक'मध्ये प्रत्येक भिडू स्वतःचा वेगळा कॅट जुळवून आणतो, आणि प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. मूळ नियम थोडे; पण एकेक पत्ता त्यांना मुरड घालतो. दोन भिडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकाकडे वीस गुणांचे आयुष्य. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य अशा पाच प्रकारच्या भूमींतून पाच रंगांची शक्ती मिळते: पांढरी, निळी, काळी, तांबडी आणि हिरवी. पांढऱ्यात सुव्यवस्था व समाज, निळ्यात ज्ञान, काळ्यात स्वार्थ व मृत्यू, तांबड्यात आवेग, हिरव्यात निसर्गाची वाढ. प्रत्येक रंगाचे दोन रंग मित्र आणि दोन शत्रू. रंगांचा हा चक्राकार संसार रचनेच्या दृष्टीने या खेळाचा कणा आहे. पुढे हजारो पत्ते निघाले तरी खेळ विस्कळीत झाला नाही, याचे श्रेय आमच्या मते या कण्याला द्यावे लागेल.

पात्ररचनेचे मर्म मात्र दोन पत्त्यांच्या आधारे सांगू. पहिला 'सेरा एंजल', म्हणजे एक देवदूत. बाकीचे पात्र हल्ल्याला गेले की त्याचा पत्ता आडवा करावा लागतो, आणि आडवा पत्ता शत्रूच्या पाळीत बचावाला उपयोगी पडत नाही. देवदूताचा पत्ता मात्र हल्ला करूनही उभाच राहतो. लढायला गेलेला देवदूत घरची राखणही करीत असतो. रचनाकाराने देवदूताविषयी कोठे प्रवचन दिलेले नाही. अडीच इंच रुंदीच्या पत्त्यावर, एका ओळीच्या नियमात, राखणदार दूताची आपली कल्पना येऊन बसली आहे.

दुसरा पत्ता 'लॉर्ड ऑफ द पिट', पाताळाचा धनी. सात गुणांचे बळ, सात गुणांची सहनशक्ती, वर आकाशात उडणारा. पहिल्या संचातील अत्यंत बलाढ्य पात्रांपैकी एक. याला बोलावण्याची किंमतही मोठी. परंतु खरी किंमत नंतर कळते. भिडूच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी या दैत्याला त्याच्याच पक्षातील एका पात्राचा बळी द्यावा लागतो. बळी द्यायला कोणी उरले नाही की दैत्य आपल्या धन्यावरच उलटतो आणि त्याचे सात गुणांचे आयुष्य खातो. सैतानाशी केलेल्या कराराची कथा युरोपच्या वाङ्मयात शतकानुशतके सांगितली गेली आहे. आमच्या मते तिचे इतके संक्षिप्त आणि इतके परिणामकारक रूप क्वचितच सापडेल. कारण येथे वाचक ती कथा वाचत नाही, तर स्वतः करार करतो आणि स्वतःच्या हाताने एकेक सोबती दैत्याच्या तोंडी देतो.

आता गंमत पाहा. लोकांच्या टीकेचे सावट होते त्या काळात, म्हणजे १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर, प्रकाशकांनी काही वर्षे नव्या पत्त्यांतून दैत्य वगळले. ते २००२ साली परतले. यामागची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु दैत्य वगळले तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्याविषयीचा सर्वांत चांगला धडाही वगळला गेला. वाईटाचे चित्रण म्हणजे वाईटाची शिकवण नव्हे. पवित्र बायबलमधूनही सर्प वगळलेला नाही.

मूर्च्छा आणि मृत्यू

'पॉकेमॉन'चे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करण्याचा नाद होता. शेते, तळी बुजून इमारती उभ्या राहिल्या, आणि पुढच्या पिढीला तो आनंद मिळेना. तो परत मिळवून देण्याच्या इच्छेतून फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांचा संगणकीय खेळ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचा पत्त्यांचा खेळ निघाला. मग बाहुल्या आल्या, चित्रपट आले आणि खेळण्यांच्या दुकानांत पिवळ्याधमक पिकाचूचे राज्य सुरू झाले.

मूळच्या १५१ प्राण्यांचे रूप मुख्यतः केन सुगिमोरी या चित्रकाराने घडवले. त्यांची रेषा साधी आहे; सात वर्षांचे मूल पाटीवर तो प्राणी काढू शकते. खेळाच्या आरंभी मुलाला तिघांतून एक सोबती निवडायचा असतो: पाण्यातले कासव, शेपटीवर ज्योत असलेला सरडा किंवा पाठीवर कंद असलेला प्राणी. पाणी अग्नीला विझवते, अग्नी वनस्पतीला जाळतो, वनस्पती पाणी शोषून घेते. हा त्रिकोण कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही, कारण तो त्याने घरच्या चुलीपाशी आणि अंगणात पाहिलेला असतो. तिघांपैकी कोणीही सर्वश्रेष्ठ नाही. जो एकाला भारी तो दुसऱ्याला हलका. नवा रचनाकार पहिला धडा येथे गिरवू शकतो: पात्राचे बळ जितक्या काळजीने ठरवावे, तितक्याच काळजीने त्याचे दौर्बल्य ठरवावे.

याहून महत्त्वाचा नियम पराभवाचा आहे. पॉकेमॉन लढाईत हरला की मरत नाही. त्याला मूर्च्छा येते आणि उपचारानंतर तो पुन्हा उभा राहतो. ताजिरी यांनी हे हेतुपुरस्सर ठरवले होते. दोन शब्दांतला हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या खेळात हरलेला शत्रू उद्या पुन्हा भेटणार आहे, त्या खेळात मूल त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहते. इटलीच्या बिशप परिषदेशी निगडित असलेल्या 'सात २०००' या दूरचित्रवाणी वाहिनीने २००० साली पॉकेमॉनमधील कल्पकतेची आणि मैत्रीच्या भावनेची प्रशंसा केली, ती आम्हांला या संदर्भात यथार्थ वाटते. 'मॅजिक'मध्ये हरलेल्या पात्रांच्या ढिगाला स्मशान म्हणतात, हे येथे तुलनेसाठी नोंदवतो. वय वाढलेल्या खेळाडूला ते चालेल. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती कोणता खेळ द्यावा, हे व्यक्तीला साजेसे असण्याच्या अक्विनासांच्या पथ्यावरून पालकांनी ठरवावे.

तरीही पॉकेमॉनचा सारा संसार आम्ही निर्दोष मानत नाही. त्याचा मूळ आनंद प्राण्याला ओळखण्याचा होता. त्याचे व्यापारी रूप सगळेच्या सगळे आपल्या मालकीचे करण्याचे झाले. किडे पाहणारा मुलगा आणि किडे मोजणारा मुलगा यांत अंतर आहे.

बंद पाकीट

येथे आम्ही त्या नियमाकडे येतो, जो नियमपत्रकात छापलेला नसतो. हे पत्ते बंद पाकिटात विकले जातात. आत कोणते पत्ते आहेत हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. 'मॅजिक'च्या आरंभीच्या पंधरा पत्त्यांच्या पाकिटात अकरा सामान्य, तीन कमी आढळणारे आणि एक दुर्मिळ, अशी वाटणी होती. गारफिल्ड यांची मूळ कल्पना निष्पाप होती. भिडू थोडीच पाकिटे घेतील, कोणालाच सगळे पत्ते माहीत नसतील, प्रतिस्पर्ध्याने अनोळखी पत्ता टाकला की नवल वाटेल, असे त्यांना अभिप्रेत होते. लोकांनी पाकिटांऐवजी खोकीच्या खोकी घेतली, आणि नवलाची जागा हव्यासाने घेतली.

आरंभीच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅटमधील एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे. सरळ शब्दांत, जुगार. ही पद्धत लवकरच मागे पडली आणि १९९५ नंतर पणाशी संबंधित नवे पत्ते छापणे थांबले. टेबलावरचा जुगार गेला, हे चांगलेच झाले. पण दुकानातला राहिला. पालक टेबलावरचा दैत्य पाहून घाबरतात. दुकानात पाकीट फोडताना मुलाच्या हाताला सुटलेला कंप त्यांच्या लक्षात येत नाही. मनाचा तोल जाऊ नये, हे अक्विनासांचे दुसरे पथ्य येथे मोडते. संगणकीय खेळांत पैसे मोजून उघडायच्या अशाच बंद पेट्यांना बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ साली जुगार ठरवले. कागदी पाकीट आणि संगणकातील पेटी या दोहोंचे व्यापारी तत्त्व सारखेच आहे, हे चाणाक्ष वाचकाला सांगणे न लगे.

याचे एक उदाहरण आम्हांला विशेष व्यथित करते. जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) हे श्रद्धावान कॅथलिक लेखक. परीकथांविषयी त्यांनी १९३९ साली दिलेल्या व्याख्यानात असा विचार आहे की, मनुष्य हा निर्मात्याच्या प्रतिमेत घडला असल्याने त्यालाही जगे निर्माण करण्याची ओढ असते. या निर्मितीला आपण उपसृष्टी म्हणू. उपसृष्टीला तिचे स्वतःचे सुसंगत नियम असावेत, तरच वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. कल्पित खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावा असा हा विचार आहे. टोल्किन यांच्या महाकथेचा गाभा एका अंगठीभोवती आहे. जो ती मिळवू पाहतो त्याचा ती नाश करते, आणि तिचा त्याग हीच मुक्तीची वाट ठरते. २०२३ साली 'मॅजिक'ने या कथेवर आधारित संच काढला आणि त्यात त्या अंगठीचा एक विशेष पत्ता जगात एकच छापून कोणत्या तरी एका बंद पाकिटात ठेवला. साऱ्या जगात पाकिटे फोडली गेली. अखेरीस तो सापडला आणि पोस्ट मलोन या अमेरिकन गायकाने लाखो डॉलर मोजून विकत घेतला. पत्त्यावरचे चित्र मूळ कथेशी प्रामाणिक असेल, शब्दही असतील. विक्रीच्या नियमाने मात्र कथेचा अर्थ उलटा केला. अंगठी टाकून द्यायला सांगणारी कथा घेऊन लोकांना अंगठीच्या मागे धावायला लावले. नियम चित्रावर कशी मात करतो, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांला माहीत नाही.

सावंतवाडीचे गंजिफे

पात्रे असलेले पत्ते ही आपल्या भूमीलाही नवी गोष्ट नाही. सावंतवाडीचे दशावतारी गंजिफे प्रसिद्ध आहेत. लाखेचा मुलामा दिलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, एकूण १२० पत्ते. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्यासाठी या चित्रांना पवित्र अर्थ आहे, आणि चिताऱ्यांच्या कुंचल्याचे सौंदर्य आपण सर्वांनीच आदराने पाहावे असे आहे.

समीक्षकाला त्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, पात्राचा नियमाशी संबंध येथे थोडाच आहे, पण आहे तो सुंदर आहे. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची उतारी, रात्री खेळताना कृष्णाचा राजा असेल त्याची. बाहेरचा सूर्य खेळाच्या आत येतो. दुसरी, अर्ध्या रंगांत दहाचा पत्ता मोठा आणि एक्का लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत हे उलटे, एक्का मोठा आणि दहा लहान. जो येथे शेवटचा तो तेथे पहिला. शुभवर्तमानाच्या वाचकाला हा नियम ऐकून मनात काही हलल्याशिवाय राहणार नाही. तिसरी, चितारी आपला संच पूर्ण विकतो. पेटीत १२० पत्ते आहेत आणि घेणाऱ्याला ते १२० मिळतात. त्यांत लपवलेले काही नाही. मोठ्या कारखान्यांच्या तुलनेत लहान असलेल्या या कारागिरीचा व्यवहार आम्हांला अधिक स्वच्छ वाटतो.

नव्या रचनाकारांसाठी

आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण आज स्वतःचे कल्पित खेळ रचू पाहत आहेत. वह्याच्या वह्या पात्रांनी भरलेल्या असतात: अग्निखड्ग बाळगणारा योद्धा, तीन डोक्यांचा नाग, हिमनगरीची राणी. चित्रे अनेकदा फार चांगली असतात. नियम मात्र वहीच्या शेवटच्या पानावर, घाईने लिहिलेले. याचे बळ नऊ, त्याचे आठ, नऊवाला जिंकतो. अशा खेळात राणीची जागा नागाला दिली तरी काहीच बिघडत नाही, आणि ज्या पात्राची जागा कोणीही घेऊ शकते ते पात्र अजून निर्माण झालेले नाही. आमची सूचना अशी की आधी नियम लिहावा. साध्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक वाक्य लिहून दहा डाव खेळून पाहावेत. चित्र नसतानाही भिडू म्हणू लागले की हा पत्ता भित्रा आहे, तो विश्वासू आहे, तिसरा दगाबाज आहे, तर समजावे की पात्र जिवंत झाले. मग रंग काढावेत.

धार्मिक खेळ रचणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. २०१६ साली 'पॉकेमॉन गो' गाजल्यावर २०१८ साली त्याच धर्तीवर 'फॉलो जेसी गो' हा कॅथलिक खेळ निघाला. रस्त्यांत पॉकेमॉनऐवजी संत भेटतात, प्रश्नाचे उत्तर दिले की ते आपल्या चमूत येतात. हेतू चांगला आहे आणि मुलांना संतांची नावे कळतात, हेही थोडके नाही. पण प्राणी गोळा करण्याच्या साच्यात संत बसवले की संतही गोळा करण्याची वस्तू होतात. साचा तोच राहतो. फक्त चित्र बदलते.

मग संताचा पत्ता लिहायचा तरी कसा? आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचेच उदाहरण घेऊ. ज्या जपानातून पॉकेमॉन आले त्याच जपानात, नागासाकी येथे, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी आपल्या पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या पत्त्यावर बळाचा आकडा किती लिहावा? नऊ लिहिला तर तो खोटा आहे, कारण त्यांनी कोणालाही हरवले नाही. शून्य लिहिला तर तोही खोटा आहे, कारण चार शतकांनंतर आपण त्यांचेच नाव घेतो आहोत. बळाच्या खेळात हुतात्म्याला जागाच नाही. त्याच्यासाठी वेगळा नियम रचावा लागेल. समजा, हा पत्ता कोणी हिरावून घेऊ शकत नाही. भिडूने तो स्वतःहून खाली ठेवला तरच जातो. आणि तो जातो तेव्हा आपल्या पक्षातील सर्वांत दुर्बळ पत्त्यावर आलेला घाव टळतो, आणि समोरच्या भिडूला आपला एक पत्ता पारखून पाहावा लागतो की तो कोणाच्या बाजूचा आहे. हा केवळ कच्चा आराखडा आहे. त्यात दहा डावांनंतर दहा दुरुस्त्या होतील. परंतु तो पाताळाच्या धन्यापाशी ठेवून पाहावा. तो स्वतः टिकण्यासाठी रोज दुसऱ्याचा बळी मागतो. हा दुसरा टिकावा म्हणून स्वतःचा देतो. दोन्ही पत्ते कोरे ठेवले, एकावर शिंगे काढली नाहीत, दुसऱ्यावर तेजोवलय काढले नाही, तरी खेळणाऱ्या मुलाला कोण कोण आहे ते पहिल्याच डावात कळेल. खेळाच्या भाषेत सुवार्ता सांगायची असेल तर ती अशी सांगता येते, असे आम्हांला वाटते.

नीतिसूत्रांच्या ग्रंथात सृष्टीच्या आरंभी ज्ञान हे परमेश्वरासमोर बालकासारखे खेळत होते, अशी प्रतिमा आहे. निर्मिती आणि क्रीडा यांचे नाते इतके जुने आहे. म्हणून पालकांनी या खेळांना भिऊ नये आणि त्यांच्याकडे पाठही फिरवू नये. नाताळला मुलाने असा खेळ मागितला तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: यात हरणाऱ्याचे काय होते, जिंकण्यासाठी काय द्यावे लागते, आणि पेटीत काय आहे हे घेण्यापूर्वी कळते का? उत्तरे नियमपत्रकात सापडतील. ती वाचून झाली की मुलासमोर बसून एक डाव खेळावा. बहुधा आपण हरू. आणि आपल्याला हरवल्यावर मूल कसे वागते, हे पाहणे कोणत्याही समीक्षेहून अधिक उपयोगी पडेल.